आठ राउंड आणि साडेपाच महिने

२० फेब्रुवारी २०२४, मंगळवार. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत. पडद्यावर समोर एक शांत, सभ्य माणूस आणि खाली एक प्रश्न. मी प्रश्न वाचला, वहीत आकृती काढली, मनात दोन वाटा तपासल्या, एक सोडून दिली, दुसरी पक्की केली आणि मग कोड लिहायला घेतला. उत्तर बरोबर आलं. चार दिवसांनी नकाराचा मेल आला. मी कारण विचारलं, तर त्यांनी दोन ओळी कळवल्या. त्यातली एक अशी, की उमेदवार अकरा मिनिटं काहीच बोलली नाही, त्यामुळे ती विचार कसा करते ते कळलं नाही.

त्या अकरा मिनिटांनी मला फार त्रास दिला. मला येत होतं, तरी मी नापास झाले होते. मग हळूहळू लक्षात आलं की मी लहानपणापासून शिकले तसंच वागले होते. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत होते. उत्तर पक्कं येत असेल तरच हात वर करायचा. अर्धवट सुचलेलं बोलून दाखवणं म्हणजे आगाऊपणा. आमच्या देवगड तालुक्यातल्या शाळेत, घरात, सगळीकडे हेच. या मुलाखतींत मात्र अर्धवट सुचलेलंच ऐकायचं असतं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी ते इथे सगळ्यात आधी लिहिते आहे.

थोडी माझी माहिती. रत्नागिरीला इंजिनिअरिंग केलं, २०२० मध्ये बाहेर पडले. पहिल्या कंपनीत सव्वा वर्ष काढलं. मग पुण्यातल्या एका लहान कंपनीत बॅकएंडचं काम, म्हणजे जावा, डेटाबेस आणि सर्व्हर. तिथलं काम घरूनच चालायचं, त्यामुळे मी गावी राहत होते. आमची हापूसची कलमं आहेत. मार्च ते मे या दिवसांत घरात आंब्याशिवाय दुसरा विषय नसतो, आणि माझी तयारी नेमकी त्याच तीन महिन्यांत झाली.

सराव कुणाबरोबर करायचा हा पहिला प्रश्न होता. कॉलेजची मंडळी पुण्या-बंगळुरात, प्रत्येकाची वेळ वेगळी. एकदा पैसे भरून सरावाची मुलाखत दिली, २,००० रुपये गेले. उपयोग झाला, पण ते रोज परवडण्यासारखं नव्हतं. मग मी बाबांना पकडलं. संध्याकाळी ते आंबे निवडायला बसत. मी समोर बसून प्रश्न सांगायची आणि मोठ्याने सोडवायची, मराठीतच. बाबांना कोडिंगमधलं काही कळत नाही. पण मी थांबले की ते हातातल्या आंब्यावरची नजर न काढता विचारत, "मगे?" बस, एवढंच. त्या "मगे?"ला काहीतरी उत्तर द्यावंच लागायचं. "मगे मी ही यादी आधी क्रमाने लावीन." "मगे?" "मगे मधली संख्या बघीन." असं करत रोज एक प्रश्न.

एकदा मी त्यांना क्रमवारी लावण्याच्या पद्धती सांगत होते. प्रत्येक वस्तूची दुसरीशी तुलना करायची तर वेळ किती वाढतो, वगैरे. ते म्हणाले, "आमी खय तुलना करतो? हातात घेतल्यार वजन कळता, थेट त्या त्या टोपलीत." हीच तर बकेट सॉर्टची कल्पना. आकडे कुठून कुठपर्यंत आहेत ते आधीच ठाऊक असेल तर तुलनेची गरजच उरत नाही. पुस्तकात मी ते तीनदा वाचलं होतं, पण दुसऱ्याला समजावण्याइतकं कळलं ते त्या दिवशी.

तुमच्याकडे सरावाला कुणीच नसेल तर फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि परत ऐका. ऐकायला नको वाटतं, तरी ऐका. आपण कुठे गप्प होतो ते त्यातच सापडतं. मी आधी मराठीत बोलले, मे महिन्यात इंग्रजीत. हा क्रम माझ्यासाठी बरोबर ठरला, कारण एका वेळी एकच गोष्ट अवघड राहिली.

३ जून, सोमवार. ते साडेपाच महिने इथून सुरू झाले. कॉलेजच्या एका सीनियरने त्याच्या कंपनीत माझं नाव सुचवलं, म्हणजे रेफरल दिलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. मुलाखतीतले प्रश्नही जसेच्या तसे लिहिणार नाही, तसं मी त्यांना लिहून दिलं आहे. कोणत्या जातीचे प्रश्न होते ते सांगते. बायोडेटा दोन पानांचा होता, तो एका पानावर आणला. "अमुक प्रोजेक्टवर काम केलं" अशी वाक्यं काढली आणि काय बदललं ते लिहिलं. एखादा रिपोर्ट चाळीस सेकंदांत निघायचा, तो चारवर आणला, अशा तऱ्हेने. फाइल पीडीएफ ठेवा, रंगीत चौकटी आणि फोटो नकोत.

१२ जूनला रिक्रूटरचा, म्हणजे कंपनीत भरतीचं काम बघणाऱ्या माणसाचा फोन. पंचवीस मिनिटं. आत्ता काय करतेस, नोकरी का बदलतेस, नोटीस पिरियड किती, आत्ताचा पगार किती, अपेक्षा किती. हा राउंड सोपा वाटतो, पण पगाराच्या प्रश्नावर पुष्कळ जण इथेच अडकतात. मी म्हटलं, कामाची पातळी कळली की आकडा सांगेन, तुमच्याकडे या पदाला साधारण काय देतात ते सांगाल का? त्यांनी पल्ला सांगितला. माझ्या मनातल्या आकड्यापेक्षा तो वर होता. मी आधी बोलले असते तर तिथेच अडकले असते. याच फोनवर विचारून घ्या की एकूण राउंड किती, कोणते, आणि दोन राउंडमध्ये किती दिवस जातात. मला सात सांगितले होते. आठवा नंतर वाढला.

२० जूनला ऑनलाइन टेस्ट. नव्वद मिनिटं, तीन प्रश्न, कॅमेरा चालू, पडदा सोडून दुसरीकडे गेलं की नोंद होते. दोन प्रश्न पूर्ण सुटले. तिसऱ्यात कोड तपासणाऱ्या पंधरा चाचण्यांपैकी नऊ पास झाल्या आणि वेळ संपला. मला वाटलं, गेलं. पण सगळे प्रश्न सुटावेत अशी अट नसते.

या टेस्टसाठी एकच गोष्ट सांगते. प्रश्नाखाली आकड्यांची मर्यादा दिलेली असते, ती आधी वाचा. संख्या जास्तीत जास्त १ लाख असतील असं लिहिलं असेल, तर एकात एक दोन लूप (तेच काम परत परत करणारा कोड) घालून चालणार नाही, कारण लाख गुणिले लाख म्हणजे १,००० कोटी वेळा काम. साधारण अंदाज असा धरतात की सेकंदाला १० कोटी साध्या क्रिया होतात. क्रमवारी लावून सुटत असेल तर तेच काम १७ लाखांच्या आसपास येतं. म्हणजे कोणती पद्धत चालेल ते मर्यादेच्या आकड्यावरूनच कळतं. हे कळायच्या आधी मी उगाच सुचेल ते लिहून बघायची.

२८ जूनला पुढे गेल्याचा मेल आला, आणि पहिल्या टेक्निकल राउंडची तारीख १० जुलै, सकाळी अकरा.

त्या आठवड्यातला पाऊस कोकणातल्या कुणाला विसरता येणार नाही. पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि कोकण रेल्वेच्या गाड्या बंद पडल्या, ते हेच दिवस. आमच्याकडे आदल्या रात्रीपासून लाईट नव्हती. लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर होता. राउटरसाठी मी जूनच्या सुरुवातीलाच १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेऊन ठेवला होता, १,३५० रुपये. सगळी तयारी होती, आणि पावणेदहाला फायबरची तारच तुटली. वाडीत कुठेतरी झाड पडलं होतं.

मी रडले नाही, पण हात थरथरत होते. फोनला आमच्याकडे पडवीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यातच रेंज येते. टेबल तिथे नेलं. पडवीवर पत्रा आहे, त्यावर पावसाचा आवाज इतका की आईचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. कानाला वायरचा हेडफोन लावला, माइक तोंडाजवळ धरला. आजी देवापुढे दिवा लावून आली आणि म्हणाली, "रामेश्वराक गाऱ्हाणा घातलंय. तू आपला बोलत ऱ्हव." तिला काय सांगायचं होतं कोण जाणे, पण मला तेव्हा नेमकं तेच ऐकायचं होतं.

मुलाखत सुरू होताच पहिल्या मिनिटात मी सांगून टाकलं, की मी कोकणात आहे, जोराचा पाऊस आहे, लाईन तुटली तर दोन मिनिटांत फोनवरून परत येईन, माझा नंबर चॅटमध्ये टाकते. आधीच्या दिवशी रिक्रूटरलाही हे मेलवर कळवलं होतं. हे नक्की करा. लेखी सांगितलेलं असलं की आपल्याला अपराधी वाटत नाही आणि त्यांनाही गोंधळ वाटत नाही. पंचविसाव्या मिनिटाला लाईन खरंच तुटली. मी परत आले तेव्हा त्या बाई थांबून होत्या आणि त्यांनी आपण कुठवर आलो होतो ते स्वतःच सांगितलं.

प्रश्न नकाशावरच्या सगळ्यात जवळच्या वाटेच्या जातीचा होता. चौकोनांची जाळी, काही चौकोन बंद, इथून तिथे कमीत कमी किती पावलं. मी ब्रेड्थ-फर्स्ट सर्च लिहिला, म्हणजे एकेक पावलाने चहूकडे पसरायचं आणि पुढे बघायचे चौकोन रांगेत लावत जायचं. एक चूक केली. चौकोन रांगेत टाकतानाच तो पाहिला अशी खूण करायची असते, मी ती रांगेतून बाहेर काढताना केली. उत्तर बरोबरच येतं, पण तोच चौकोन रांगेत अनेकदा शिरतो आणि मोठ्या जाळीवर काम मंदावतं. त्यांनी चूक दाखवली नाही, फक्त छोटं उदाहरण चालवून दाखव म्हणाल्या. मी तीन बाय तीनची जाळी घेऊन एकेक पाऊल मोठ्याने बोलत गेले आणि चौथ्या पावलाला तोच चौकोन दुसऱ्यांदा रांगेत आलेला मलाच दिसला. मी म्हटलं, "थांबा, हे इथे चुकलंय," आणि बदललं. गप्प राहून केलं असतं तर मला ती चूक दिसलीच नसती. बोलण्याचा उपयोग समोरच्यासाठी असतो अशी माझी समजूत होती, ती त्या दिवशी बदलली.

१८ जुलैला होकार. आता शेवटचे चार राउंड, दोन दिवसांत. ऑनलाइन किंवा पुण्याच्या ऑफिसात, दोन्ही चालेल म्हणाले. १० जुलैनंतर मी पुणेच निवडलं. तारखा १ आणि २ ऑगस्ट ठरल्या. दोन दिवसांची रजा टाकली.

एरवी आम्ही फोंडा घाटाने कोल्हापूरमार्गे जातो. पण जुलैच्या शेवटी पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली होती आणि रस्त्यांची खात्री नव्हती. म्हणून ३० तारखेला कणकवलीहून रात्रीच्या कोकणकन्येने पनवेल आणि तिथून एसटीने पुणे, असा वळसा घेतला. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेवढी बचत. एक दिवस हाताशी राखून निघाले याचं मला फार बरं वाटलं, कारण गाडी उशिरा पोचली. मावशीकडे कर्वेनगरला राहिले. ऑफिस खराडीला, म्हणजे शहराचं दुसरं टोक. ३१ तारखेला मी फक्त वाट बघून यायला एकदा तिथे जाऊन आले. गेटवर कोणतं ओळखपत्र लागतं तेही विचारलं.

१ ऑगस्टचा पहिला राउंड कोडिंगचा होता, तो नीट गेला आणि त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही. दुसरा मशिन कोडिंगचा. नव्वद मिनिटांत एक छोटी पण चालणारी प्रणाली लिहायची, पार्किंगची नोंद ठेवणारी असते तशी. कोडचे वर्ग (क्लास) कसे पाडता, नावं कशी देता, नंतर एखादा नियम बदलला तर किती ठिकाणी हात लावावा लागेल, हे बघतात. माझा वेळ चुकला. पहिली पस्तीस मिनिटं मी फक्त रचनेत घालवली आणि पावती काढण्याचा भाग अपुरा राहिला. शेवटी मी स्पष्ट सांगितलं की हे राहिलंय, हे असं लिहिणार होते आणि त्यासाठी ही जागा ठेवली आहे. पहिल्या वीस मिनिटांत काहीतरी चालतं करा आणि मग सुधारत जा, हे मी आता सगळ्यांना सांगते.

रात्री झोप लागली नाही. मावशीने दुधात जायफळ घालून दिलं.

२ ऑगस्टला सकाळी सिस्टीम डिझाइन, म्हणजे मोठी यंत्रणा कशी उभारायची ते फळ्यावर मांडायचं. याची मला सगळ्यात जास्त भीती होती, कारण लहान कंपनीत कोट्यवधी लोक वापरतील असं काही मी बांधलेलं नव्हतं. प्रश्न लोकांना सूचना आणि मेसेज पाठवणाऱ्या यंत्रणेच्या जातीचा. मी आधी प्रश्न विचारले. किती लोक, दिवसाला किती मेसेज, उशीर किती चालेल, एखादा मेसेज दोनदा गेला तर चालेल का, अजिबात गेला नाही तर? मग फळ्यावर हिशोब मांडला. दिवसाला १ कोटी मेसेज म्हणजे ८६,४०० सेकंदांनी भागून सेकंदाला साधारण ११६. गर्दीच्या वेळी पाचपट धरू, म्हणजे ६०० च्या आत. हा हिशोब मांडला आणि माझीच भीती निम्मी झाली. कोटी म्हटलं की डोंगर वाटतो, सेकंदाला सहाशे म्हटलं की त्याच्याशी बोलता येतं.

पुढे त्यांनी विचारलं, की पाठवलं पण पोचल्याचं उत्तर आलं नाही, मग परत पाठवायचं का? इथे मला आमच्या आंब्यांनी हात दिला. २०२३ च्या हंगामात मी बाबांसाठी ऑर्डर घ्यायचं एक साधं पान बनवलं होतं. ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाने बटण दाबलं, नेट मंद होतं, पान हललं नाही, म्हणून त्यांनी परत दाबलं आणि परत दाबलं. आमच्याकडे तीन ऑर्डरी आल्या आणि बाबांनी पाच डझनी तीन पेट्या पाठवल्या. त्या गृहस्थांनी समजून घेतलं, दोन पेट्या शेजाऱ्यांना दिल्या आणि सगळे पैसे दिले. पण त्या रात्री मी बसून प्रत्येक फॉर्मला उघडतानाच एक वेगळा क्रमांक दिला. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी ऑर्डर धरायची नाही, जुन्याच ऑर्डरीचं उत्तर परत द्यायचं. अशा क्रमांकाला 'आयडेम्पोटन्सी की' (key) म्हणतात हे मला पुढे कधीतरी कळलं.

मी हीच हकीकत त्यांना सांगितली आणि तीच युक्ती फळ्यावरच्या यंत्रणेत बसवली. परत पाठवताना दर वेळी थांबण्याची वेळ दुप्पट करायची, ठरावीक प्रयत्नांनंतर तो मेसेज वेगळ्या रांगेत काढून ठेवायचा, म्हणजे माणसाला बघता येईल. चर्चा तासावर दहा मिनिटं चालली. तुमचं काम लहान असेल तर घाबरू नका. लहान कामात जे खरंच बिघडलं आणि तुम्ही स्वतः दुरुस्त केलं, ते आठवून लिहून ठेवा.

दुपारी मॅनेजरचा राउंड. मतभेद झाला तेव्हा काय केलं, चूक केली तेव्हा काय केलं, असे प्रश्न. परिस्थिती, आपल्यावर असलेलं काम, आपण केलेली कृती आणि परिणाम या क्रमाने सांगावं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तसं मी सहा प्रसंग वहीत लिहूनही नेले होते. तरी अडखळले. मी प्रत्येक वाक्य "आम्ही"ने सुरू करत होते. आम्ही डेटाबेस बदलला, आम्ही ठरवलं, आम्ही रात्री जागलो. त्यांनी तीनदा विचारलं, "हो, पण यात तू काय केलंस?" तिसऱ्या वेळी मला कळलं. मी स्वतःचं नाव घ्यायला लाजत होते. घरी "मी केलं" असं म्हणायची पद्धत नाही. चार माणसांनी केलेलं काम एकटीने स्वतःकडे घेणं मला आजही चुकीचंच वाटतं. पण आपल्या वाटणीचं काम नेमकं सांगणं म्हणजे दुसऱ्याचं हिसकावणं नव्हे. मी म्हटलं, निर्णय टीमचा होता. जुना डेटा हलवायची स्क्रिप्ट मी लिहिली. ती एकदा अर्ध्यात बंद पडली, तेव्हा परत मागे नेण्याची सोय मी आधी ठेवलेली नव्हती, ती चूक माझी. तेव्हा ते पहिल्यांदा काहीतरी लिहून घेऊ लागले.

घरी आले आणि वाट बघणं सुरू झालं. एक आठवडा, दोन आठवडे. या दिवसांबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, पण मला तेच सगळ्यात जड गेले. कामात लक्ष नाही, जेवताना फोन ताटाशेजारी. मशिन कोडिंगमधली ती राहिलेली पावती मला स्वप्नात दिसायची. नवव्या दिवशी मी एक मेल पाठवला, दोन ओळींचा, निर्णय कधीपर्यंत अपेक्षित आहे असं विचारणारा. उत्तर आलं की समितीपुढे आहे. त्यानंतर परत मेल केला नाही. याच काळात मी आणखी दोन ठिकाणी अर्ज टाकले, एकाच ठिकाणी जीव टांगून ठेवू नये म्हणून.

एकविसाव्या दिवशी, २३ ऑगस्टला, फोन आला. चौघांपैकी तिघांचा होकार आहे, एकांचं मत मधलं आहे, म्हणून विभागप्रमुखांबरोबर आणखी एक राउंड. ऐकून मी ओसरीवर जाऊन बसले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अजून एक? असांदे. जेवन घे आधी." ३० ऑगस्टला तो पाऊण तासाचा राउंड झाला. त्यात कोडिंग नव्हतं. त्या मशिन कोडिंगमधलं राहिलेलं काम आज कसं करशील असं त्यांनी विचारलं. महिनाभर ते डोक्यात असल्यामुळे मी न थांबता सांगितलं.

५ सप्टेंबर, गुरुवार. ऑफर लेटर आलं. शनिवारी चतुर्थी. घरात भाऊ गणपतीच्या वरची माटवी बांधत होता आणि मी खाली बसून एकेक ओळ वाचत होते. ऑफर लेटर वाचायला मला आधी कुणीतरी शिकवायला हवं होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. सीटीसी, म्हणजे कंपनीचा आपल्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, हा आकडा म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. त्यात कंपनीने भरायचा पीएफ धरलेला असतो. ग्रॅच्युइटी म्हणून मूळ पगाराच्या ४.८१ टक्केही धरतात. हा आकडा कुठून येतो? वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. पंधरा भागिले सव्वीस आणि त्याला बाराने भागा. ही रक्कम साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच हाती येते. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत करावा लागेल असं कलम होतं. शेअर चार वर्षांत मिळणार, पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर एकही नाही. हे सगळं वजा करून महिन्याला खरोखर हातात किती येतं ते मी कागदावर काढलं आणि मगच बोलले. मी जॉइनिंगची तारीख पुढे मागितली आणि महिन्यातले ठरावीक दिवस घरून काम लेखी मागितलं. दोन्ही मिळालं. मागितलं म्हणून कुणी रागावलं नाही.

राजीनामा १० सप्टेंबरला दिला, सही केलेलं लेटर हातात आल्यावर. फोनवरच्या होकारावर कधीही राजीनामा देऊ नका. नोटीस साठ दिवसांची.

मला वाटलं होतं, आता संपलं. मग १६ सप्टेंबरला कागदपत्रांची पडताळणी सुरू झाली. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, पदवी, पहिल्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र), तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचं पासबुक. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, शिवाय मार्कशीटवर आईचं नाव. त्यासाठी एक साधं लेखी निवेदन पुरलं. खरी अडचण ३ ऑक्टोबरला कळली. माझ्या पहिल्या कंपनीने पीएफच्या नोंदीत मी नोकरी सोडल्याची तारीख भरलेलीच नव्हती. कागदोपत्री मी तीन वर्षं दोन ठिकाणी नोकरी करत होते. पडताळणीच्या अहवालात लाल खूण.

त्या कंपनीला तीन मेल केले, उत्तर नाही. मग शोधता शोधता कळलं की २०२० पासून ही तारीख आपल्याला स्वतःलाही भरता येते. यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या आपल्या कायम क्रमांकाच्या पोर्टलवर लॉगिन करून मॅनेजमध्ये मार्क एग्झिट. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटलेले असावे लागतात, आणि तारीख त्या शेवटच्या वर्गणीच्या महिन्यातली हवी. पासबुकात ऑक्टोबर २०२१ होता, माझं रिलीव्हिंग लेटर २९ ऑक्टोबरचं. सगळं जुळलं. फक्त शेवटी आधारचा ओटीपी येतो, आणि माझ्या आधारला नंबर बाबांचा जोडलेला. बाबा कलमांत, तिथे रेंज नाही. भावाला पाठवून त्यांना सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर बोलावून घेतलं, तिथे फोन लागतो. ते उभे राहिले, मी बटण दाबलं, आणि त्यांनी सहा आकडे एकेक करून मला वाचून दाखवले. शेवटचा आकडा झाल्यावर विचारलं, "मगे?"

"मगे झाला," मी म्हटलं.

नव्या नोंदीचा स्क्रीनशॉट आणि पासबुक पाठवलं. २१ ऑक्टोबरला पडताळणी पूर्ण झाल्याचा मेल आला. तुम्ही नोकरी शोधत नसलात तरी आजच पोर्टलवर जाऊन आपल्या आधीच्या सगळ्या नोकऱ्यांपुढे सोडल्याची तारीख आहे का ते बघून ठेवा. पाच मिनिटं लागतात.

रुजू व्हायची तारीख १८ नोव्हेंबर. त्याआधी लॅपटॉप कुरिअरने येणार होता, तो वाडीपर्यंत आला नाही. १४ तारखेला एसटीने कणकवलीला जाऊन मी तो घेतला. मूळ आधार कार्ड दाखवावं लागलं, आणि पुन्हा एक ओटीपी, जो पुन्हा बाबांच्या फोनवर गेला. या वेळी ते घरी होते. मी खोका मांडीवर घेऊन परत आले, आणि शनिवारी सकाळी पोस्टात जाऊन आधारला माझा स्वतःचा नंबर जोडून घेतला. तेव्हा पन्नास रुपये लागले.